बातमी पोचली तर मदत पोचते : सार्वजनिक काकांचे दुष्काळातले काम



पावसाने ओढ दिली की आपल्या वैजापूर, गंगापूर, पैठणकडे पारावर काय बोलणं सुरू होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसेवारी किती लागणार? टँकर कधी येणार? पंचनाम्याला कोण येणार? पीक तर गेलेलंच असतं. पण ते गेलं हे कागदावर आलं का, आणि तो कागद वर पोचला का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. शेजारच्या गावाला मदत मिळते आणि आपलं गाव यादीतून सुटतं, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की आपल्या गावची खबर धड लिहून कोणी पाठवलीच नव्हती.

हे काम पहिल्यांदा शिस्तीने ज्यांनी करून दाखवले, त्यांची आज ओळख करून घेऊ. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्यांना सार्वजनिक काका म्हणून वाचले असेल. खादी घालणारे, स्वदेशीचे व्रत घेणारे काका एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. पण १८७६ च्या दुष्काळात त्यांनी आणि त्यांच्या सभेने जे केले, ते शेतकऱ्याने आणि तलाठी-ग्रामसेवकाने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

साताऱ्याचा वकील

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. पुढे ते पुण्यात आले. सरकारी कचेरीत नोकरी केली, मग परीक्षा देऊन वकील झाले. कोर्टकचेरीत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते, लेखी अर्जाला मात्र उत्तर द्यावे लागते.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होते पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचे. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, पण रोजच्या कामाचा गाडा ओढला तो काकांनी. या सभेचा एक नियम फार महत्त्वाचा होता. कोणीही उठून सभासद होऊ शकत नसे. निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीला असे ९५ प्रतिनिधी होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. म्हणजे बघा, सभा बोलायला उभी राहिली की तू कोणाच्या वतीने बोलतोस, असे सरकारला विचारायची सोय राहिली नाही.

१८७१ साली न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यास आले. ते सरकारी नोकरीत, त्यामुळे पुढे कमी दिसत. पण विचार आणि मसुदा यांत त्यांचा हात मोठा होता. धावपळ काकांची, मांडणी रानड्यांची, अशी ही जोडी जमली. १८७२ साली सभेने शेतसाऱ्याची चौकशी हाती घेतली. रयतेची स्थिती काय, सारा किती, कर्ज किती, याची माहिती गोळा केली. सरकारला ती कितपत रुचली हा भाग वेगळा. पण १८७५ साली सुपे येथे सावकाराविरुद्ध दंगे उसळले आणि गावाकडून आलेली माहिती किती खरी होती, हे सगळ्यांना दिसले.

दुष्काळ आला

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये फसला. नगर, पुणे, सोलापूर, सातारा, विजापूर असा सगळा पट्टा होरपळला. खरीप गेले, रब्बी पेरायला ओल नव्हती. विहिरी आटल्या, कडबा संपला, धान्याचे भाव चढले. लोक गुरे विकून गाव सोडू लागले. कोणी वऱ्हाडात गेले, कोणी निजामाच्या मुलखात, म्हणजे आपल्याकडे आले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुण्याच्या सभेचे अर्ज जात ते मुंबई सरकारला. पण गोदावरीच्या दोन्ही तीरांवर भूक एकच होती.

सरकारजवळ माहिती नव्हती असे नाही. गावकामगाराकडून मामलेदार, मामलेदाराकडून कलेक्टर, कलेक्टरकडून मुंबई अशी साखळी होती. पण वर चढताना माहिती पातळ होते. खालच्याने गंभीर लिहावे आणि वरच्याने बेताचे आहे असा शेरा मारावा, हा अनुभव तुमच्यातल्या किती जणांना आहे, ते सांगायची गरज नाही.

काकांनी आणि सभेने दुसरी साखळी उभी केली. जिल्ह्याजिल्ह्यांत सभेची माणसे आणि जाणती मंडळी होती. त्यांच्याकडून तालुकावार खबर मागवली जाऊ लागली. पाऊस किती, पेरा किती, पिण्याचे पाणी कुठे आहे, चारा किती दिवस पुरेल, ज्वारी-बाजरीचा भाव काय, किती लोक गाव सोडून गेले, सरकारी काम किती लांब, मजुरी काय पडते, असली ती खबर असे. ती पुण्यात एकत्र व्हायची, ताडून पाहिली जायची आणि तिचा क्रमवार अहवाल सरकारकडे जायचा. पुढे १८७८ पासून सभेचे त्रैमासिक सुरू झाले, त्यात हे दुष्काळाचे वृत्तान्त छापलेही गेले.

आज आपत्ती आली की मदत पथकाबरोबर बातमी आणि माहिती सांभाळणारा माणूस असतो. किती घरे पडली, काय हवे, काय नको, हे तो बाहेरच्या जगाला सांगतो. हेच काम या मंडळींनी दीडशे वर्षांपूर्वी केले, तेही टाक, शाई आणि टपालाच्या जोरावर.

दिल्लीचा दरबार आणि एक रत्तल धान्य

याच दुष्काळात १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला लॉर्ड लिटनने मोठा दरबार भरवला. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करायचे होते. राजेरजवाडे जरीच्या पोशाखात आले. त्या गर्दीत काका गेले ते जाडीभरडी खादी नेसून. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली होती, स्वतः सूत कातायचे, ते व्रत तिथेही मोडले नाही. सभेतर्फे त्यांनी मानपत्र दिले, पण त्यात हिंदी लोकांनाही इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत, ही मागणी होती.

त्याच महिन्यात दुष्काळी कामावरच्या मजुरांवर नवे संकट आले. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेम्पल यांना दुष्काळाची पाहणी करायला पाठवले होते. खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी मजुरीचा नवा दर सुचवला. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर थोडी रोख रक्कम. एक रत्तल म्हणजे आजचे जेमतेम साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर माती उपसायची आणि खडी फोडायची.

मुंबई इलाख्यात हा दर लागू होताच हजारो लोकांनी कामे सोडली. पोटात अन्न नाही, तरी त्यांनी नकार दिला. साहेबलोकांचे म्हणणे पडले की लोक आळशी आहेत, गरज नाही म्हणून निघून गेले. इथे सभेची माहिती कामाला आली. सभेने अर्जावर अर्ज पाठवले. लोक का गेले, एवढ्या धान्यात माणूस का जगू शकत नाही, याची कारणे मांडली. सरकारच्याच तुरुंगातल्या कैद्याला या मजुरापेक्षा जास्त अन्न मिळते, हे सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. गुन्हा करावा म्हणजे पोट भरेल, असा त्याचा अर्थ होत होता. तिकडे मद्रासेत डॉक्टर कॉर्निश या सरकारी अधिकाऱ्यानेही वैद्यकाच्या आधाराने याच दराला विरोध केला आणि मद्रास सरकारला १८७७ साली तो वाढवावा लागला.

काकांच्या अर्जांनी दुष्काळ हटला नाही. सरकारने सभेचे सगळे ऐकले असेही नाही. टेम्पलसाहेबच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७६ ते १८७८ या काळात इंग्रजी मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. पण मजूर आळशी होते हे एकट्या सरकारचे म्हणणे कागदावर राहिले नाही, त्याच्या शेजारी रयतेचे म्हणणेही राहिले. पुढे सरकारने दुष्काळ आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्यातून दुष्काळाचे कायमचे नियम, म्हणजे फॅमिन कोड तयार झाले. काम कधी काढायचे, मजुरी किती, निराधाराला काय द्यायचे, हे त्यात लिहिले गेले. आज आपण टंचाईचे जे नियम पाहतो, त्यांचे मूळ तिथे आहे. मनमाडहून दौंडला रेल्वेने जाल तेव्हा आठवा, त्या मार्गाची माती याच दुष्काळातल्या मजुरांनी वाहिली आहे.

त्या दिवसांत काका एकटेच झटत होते असे मात्र नाही. १८७७ साली महात्मा फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. कोणी भाकरी दिली, कोणी भाकरी का कमी पडते हे सरकारला सांगितले. दोन्हींची गरज होती.

लिहिण्याची किंमत

हे काम सुखासुखी झाले नाही. १८७८ साली लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याचीच भीती होती. सभेवरही सरकारची नजर होती. अशात १८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. दुष्काळात रयतेचे हाल पाहून त्यांनी बंड केले होते. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे. काकांनी ते घेतले. काकांचा रस्ता अर्जाचा, फडक्यांचा बंडाचा. पण ज्या माणसाला कोणी वाली नाही, त्याची बाजू कोर्टासमोर मांडली गेलीच पाहिजे, एवढे त्यांना समजत होते.

२५ जुलै १८८० रोजी काका गेले. वय अवघे बावन्न. सभेची रीत मात्र राहिली. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी तीच उचलली. सभेची माणसे खेड्यात गेली आणि फॅमिन कोडात रयतेला काय मिळायला हवे, ते मराठीतून सांगू लागली. सारा भरण्यासाठी गुरेढोरे विकू नका, असे केसरीने सांगितले. सरकार इतके चिडले की १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली.

आपण काय घ्यायचे?

मंडळी, १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. २०२५ च्या सप्टेंबरात तर याच दुष्काळी मराठवाड्यात पुराने शेते खरवडून नेली. संकट रूप बदलून येते. काकांची रीत प्रत्येक वेळी उपयोगी पडते.

पहिली गोष्ट, नोंद आधीपासून ठेवा. पाऊस किती पडला, विहिरीला पाणी किती हात, कडबा किती, हे ग्रामपंचायतीत एका वहीत दर आठवड्याला लिहा. ई-पीक पाहणी वेळेत करा, नाहीतर उभे पीकही कागदावर पडीक दिसते.

दुसरी, आकडा फुगवू नका. दहाचे वीस लिहिले आणि एक खोटे सापडले, की उरलेली खरी नावेही संशयात जातात. मोबाइलवर जुना फोटो फिरवला तरी तेच होते. फोटो काढा, पण तारीख, गाव आणि गट नंबर सोबत लिहा.

तिसरी, मागणी नेमकी करा. मदत द्या एवढे म्हणून भागत नाही. अमुक वस्तीला इतक्या माणसांसाठी पाणी, इतक्या जनावरांना चारा, असे लिहा. अर्जाची पोच घ्या, एक प्रत गावात ठेवा.

आणि तलाठी-ग्रामसेवक मंडळी, तुमच्यासाठी एक सांगणे. वरच्या साहेबाला काय आवडेल ते नको, शिवारात काय दिसते तेच लिहा. ज्याचे शेत वाहून गेले, तो पुष्कळदा स्वतः लिहू शकत नाही. त्याची बातमी तुमच्या पेनातूनच वर जाते.