मिलुटिन मिलानकोविच : हिमयुगांचं गणित मांडणारा इंजिनिअर

हवामान आपोआपच बदलतं, मग सरकारांनी कार्बनवर बंधनं कशाला घालायची, असं तुम्हीही ऐकलं असेल. उत्तर मिलानकोविच यांच्या कामात आहे.

१८७९ मध्ये जन्मलेले हे सर्बियन गणितज्ञ आधी व्हिएन्नात बांधकाम इंजिनिअर होते. पहिल्या महायुद्धात अटक झाली, तरी बुडापेस्टमध्ये नजरकैदेत त्यांची आकडेमोड चालूच राहिली. पृथ्वीची कक्षा, आसाचा कल आणि आसाचं भोवऱ्यासारखं डोलणं बदलतं, तसं ऊन कमी-जास्त होऊन हिमयुगं येतात-जातात, हे त्यांनी मांडलं. १९५८ मध्ये ते वारले. समुद्रतळाच्या गाळातला भक्कम पुरावा १९७६ मध्ये आला.

पण ही चक्रं सुमारे २३ हजार, ४१ हजार आणि १ लाख वर्षांची. गेल्या दीडशे वर्षांतली तापमानवाढ त्यांत बसत नाही. त्यामुळे धोरण ठरवताना निसर्गाकडे बोट दाखवून चालणार नाही.