आंधळा टॉम

टॉम विगिन्स ह्याचा जन्म इ. स. १८४९ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत एका गुलाम जोडप्याच्या पोटीं झाला. मूल जन्मांध होतें. पुढच्याच वर्षीं कोलंबस येथील वकील जेम्स बेथ्यून ह्यांनीं त्याच्या आईबापांस विकत घेतलें. त्यांच्या मागोमाग हें निरुपयोगी समजलेलें पोरही त्या घरीं आलें.

टॉमला बोलणें नीट साधत नसे. स्वतःचा उल्लेखही तो परक्या मनुष्याचा करावा तसा करी. परंतु कोंबड्याची बांग असो कीं पावसाची सर, कानीं पडलेला नाद तो हुबेहूब काढीत असे. बेथ्यूनांच्या मुली पियानो वाजवीत. तें ऐकून, चारएक वर्षांचा असतांनाच, तो त्याच गती पेटीवर वाजवूं लागला! पुढें तर उजव्या हातानें एक चीज, डाव्यानें दुसरी व मुखानें तिसरी, अशा तिन्ही तो एकाच वेळीं चालवी. पियानोकडे पाठ करूनही तो वाजवी. आजचे अभ्यासक ह्या लक्षणांवरून त्यास स्वमग्नता असावी असा तर्क करितात.

इ. स. १८५७ मध्यें त्याचा पहिला जाहीर जलसा झाला व १८६० मध्यें राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांच्यापुढें त्याचें वादन झालें. १८६६ त युरोपांत मोशेलेस व हॅले ह्या नामांकित वादकांनीं परीक्षा घेऊन त्यास प्रशस्तिपत्रें दिलीं. तरी पुष्कळ प्रेक्षक गातें जनावर पाहावें तसे त्यास पाहावयास येत, हें लिहितांना खेद होतो.

आणि पैसा? इ. स. १८६५ मध्यें गुलामगिरी कायद्यानें रद्द झाली. पण त्याच वर्षीं टॉमच्या ताब्याविषयीं जो खटला झाला त्यांत निकाल बेथ्यूनांसारखा लागला. पुढें टॉम बुद्धिभ्रष्ट ठरविण्यांत येऊन पालकत्व त्यांचा पुत्र जॉन ह्याजकडे गेलें. जॉन १८८४ त आगगाडीच्या अपघातांत वारला. तेव्हां त्याच्या विधवेनें टॉमची वृद्ध माता चॅरिटी हिला बरोबर घेऊन पुन्हां दावा मांडला. १८८७ त निकाल झाला. परंतु टॉम राहिला त्या बाईकडेच, आणि माता जॉर्जियास एकटी परतली. ज्या बोटांनीं बेथ्यून कुटुंबास धनवान केलें, त्यांच्या मिळकतीवर टॉमची सत्ता कधींच चालली नाहीं.

इ. स. १९०८ च्या जून महिन्यांत होबोकेन येथें तो मरण पावला. गुलामगिरी रद्द होऊन तेव्हां ४२ वर्षें लोटलीं होतीं.