१२ वर्षांच्या गुलाम पोरानं युक्ती शोधली, म्हणून आज जगाला व्हॅनिला मिळतोय

आईस्क्रीमच्या दुकानात काय घ्यावं हे सुचलं नाही की आपण व्हॅनिला सांगतो. एकदम साधा फ्लेवर म्हणून. पण खरा व्हॅनिला अजिबात साधा नाही. तो एका ऑर्किडच्या शेंगेतून येतो. ही वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलातली. जंगलात ती आता इतकी विरळ झालीये की धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे.

तरीही जगभर तिची लागवड होते, ती एडमंड अल्बियसमुळे.

एडमंड जन्मला १८२९ साली, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर. बेट फ्रेंचांच्या ताब्यात होतं आणि तिथं गुलामगिरी होती. बाळंतपणातच आई गेली. पोर जन्मापासूनच गुलाम, आडनावसुद्धा नाही. मालक फेरेओल बेलिए-बोमाँ याला झाडांचा भारी नाद. एडमंड लहानपणापासून त्याच्या मागंमागं बागेत फिरायचा. भोपळ्याच्या जातीतल्या वेलींना हातानं परागीभवन कसं करायचं, हे त्यानं मालकाकडूनच पाहिलं.

याच बागेत व्हॅनिलाची एक वेल होती. सावली, दमट हवा, चढायला झाड, तिला हवं ते सगळं मिळत होतं. फुलंही यायची. शेंग मात्र धरायची नाही. मेक्सिकोत हे काम तिथल्या मधमाश्या करतात, त्या या बेटावर नव्हत्या. त्यात फूल उमलतं एकाच सकाळी, दुपारपर्यंत मिटायला लागतं. शिवाय फुलातला नर भाग आणि मादी भाग यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, त्यामुळं परागकण आपोआप पलीकडं जातच नाहीत. बेल्जियमच्या शार्ल मॉरेन या शास्त्रज्ञानं १८३६ साली हातानं परागीभवन करून दाखवलं होतं, पण ती पद्धत मळ्यात रुळली नाही.

१८४१ साली एक दिवस मालकाला वेलीवर दोन शेंगा दिसल्या. एडमंड म्हणाला, मी केलं. मालकाचा विश्वास बसेना. काही दिवसांनी आणखी एक शेंग दिसली, तेव्हा त्यानं करून दाखवायला लावलं. पोरानं बांबूची बारीक काडी घेतली, मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्यानं पराग पलीकडं दाबले. काही सेकंदांचं काम! वय फक्त १२.

बातमी पसरली तशी इतर मळेवाल्यांकडून बोलावणी यायला लागली. एडमंड मळ्यामळ्यात जाऊन गुलामांना ही युक्ती शिकवायचा. रियुनियनमधून व्हॅनिला बाहेर जायला लागला, मळेवाले गब्बर झाले. पुढं हीच पद्धत मादागास्करला पोचली. तिथं आजही एकेक फूल असंच हातानं फळवलं जातं आणि मग शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

एडमंडला काय मिळालं? १८४८ साली गुलामगिरी संपली. तो मोकळा झाला, अल्बियस हे आडनाव मिळालं. फ्रेंच सरकारनं गुलाम गेले म्हणून मालकांना भरपाई दिली, गुलामांना दमडीही नाही. एडमंड सँ-दनी शहरात जाऊन स्वयंपाकघरात राबायला लागला. तिथं दागिने चोरल्याच्या आरोपात तुरुंगात गेला. बेलिए-बोमाँनं व्हॅनिलाचा शोध पुढं करून दयेचा अर्ज केला, तेव्हा तो मुदतीआधी सुटला.

एवढ्यावर थांबलं नाही. रिशार नावाच्या नावाजलेल्या वनस्पतीतज्ज्ञानं दावा ठोकला की युक्ती आपणच आधी दाखवली होती, पोरानं ती बघून घेतली. इथंही बेलिए-बोमाँ पत्रं लिहून एडमंडच्या बाजूनं उभा राहिला. जो त्याचा मालक होता, तोच त्याचा साक्षीदार. सरकारनं एडमंडला काही पैसे द्यावेत, अशी विनंतीही त्यानं केली. उत्तर आलं नाही.

ऑगस्ट १८८० मध्ये सँत-सुझान गावच्या रुग्णालयात एडमंड वारला. बेटावर व्हॅनिलाचा धंदा तेव्हा जोरात होता आणि एडमंडच्या हातात काही नव्हतं.