एकटी का जातेस?

आनंदीबाई जोशी म्हटले की पहिली स्त्री डॉक्टर, एवढेच आपण मुलींना सांगतो. मला मात्र त्यांच्या पदवीइतकेच त्यांचे घराबाहेर पडणेही मोलाचे वाटते. म्हणून स्मरणिकेसाठी त्याविषयीच चार शब्द लिहिते.

कल्याणच्या जोशी घराण्यातील ही यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी झाली. पती गोपाळराव पोस्टखात्यात. बिजवर, वयाने बरेच मोठे आणि बायकोला शिकवण्याच्या बाबतीत विलक्षण हट्टी. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगायची बायकांना चोरी, आणि स्त्री डॉक्टर तर कोठेच नाही! आपणच डॉक्टर व्हावे असे त्यांनी मनाशी धरले.

अमेरिकेतील एका मासिकात आलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून न्यू जर्सीतील रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पत्र धाडले. पुढे आनंदीबाई न पाहिलेल्या या बाईंना मावशी म्हणू लागल्या. दोघांनी मिळून जाणे जमेना, तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनेच जावे असे ठरले. मग काय, टीकेचा नुसता पाऊस!

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर सभेत इंग्रजीत उत्तर दिले. येथेच का शिकत नाहीस, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकले तर काय करशील, असे लोकांचे एकेक प्रश्न घेऊन त्यांनी त्यांचा परामर्श घेतला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगितले. वय अठराही पूर्ण नव्हते. नवऱ्याच्या आग्रहाने शिकू लागलेली मुलगी त्या दिवशी स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी स्वतः घेऊन उभी राहिली. स्वातंत्र्य म्हणतात ते मला येथे दिसते.

७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात, परक्या थंडीत, ढासळत्या प्रकृतीने अभ्यास करून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.

मग एवढे करून मिळाले काय, असे कोणी म्हणेल. एकाही रोग्याला त्या कोल्हापुरात तपासू शकल्या नाहीत, हे खरेच. पण मुलगी एकटी समुद्रापार जाऊन शिकू शकते, हे त्यांच्यानंतर कोणाला नव्याने सिद्ध करावे लागले नाही. १८८९ मध्ये रखमाबाई वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेल्या.

भगिनींनो, आजही आळीतली मुलगी परगावी जाते म्हणाली की सोबत कोण, हे आधी आपणच विचारतो. काळजी असावीच, पण तिचे उत्तरही नीट ऐकून घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.