शेतातल्या कणसापासून मुलाच्या ताटापर्यंत : डॉ. पां. वा. सुखात्मे



गेल्या महिन्यात आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना वार्षिक तपासणीला नेलं होतं. इथल्या पद्धतीप्रमाणे डॉक्टरांनी वजन-उंचीचा तक्ता पुढे केला. शंभर मुलांत वजनात आमचा नंबर विसावा, तोही खालून! मूल ठणठणीत आहे असं डॉक्टरांनी दोनदा सांगूनही घरी येताना आम्ही प्रोटीन पावडरचा डबा घेतलाच. पुण्याहून आलेल्या आईने डबा उलटसुलट करून बघितला आणि पोराला आधी पोटभर वरणभात घाला म्हणाली.

सरासरीपेक्षा कमी म्हणजे कमतरता का? हा प्रश्न एका मराठी माणसाने साऱ्या जगाच्या बाबतीत विचारला होता. आपल्या मुलांना त्यांचं नाव माहीत असावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. 1932 साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. त्या काळी संख्याशास्त्राची ती पंढरीच होती. 1936 मध्ये पीएच.डी. आणि 1939 मध्ये डी.एस्सी. मिळाली. शुद्ध गणितात रमता आलं असतं, पण भारतात परतल्यावर 1940 मध्ये त्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम पत्करलं.

तेव्हा देशात धान्य किती पिकलं हे ठरायचं कसं? आणेवारीने! महसूल खात्याचा माणूस उभ्या पिकावर नजर टाकणार आणि पीक इतके आणे आहे असं लिहून मोकळा होणार. सुखात्म्यांनी याऐवजी नमुना पाहणीची पद्धत बसवली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आधी गावं निवडायची, मग गावातली शेतं, मग शेतातला एक तुकडा. त्या तुकड्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. शिवाय हे काम गावोगावच्या सरकारी नोकरांकडूनच करून घ्यायचं, म्हणजे खर्चही आटोक्यात.

यावरून थेट प्रा. महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण ते कापायला सोपे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपं नकळत आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. 1946 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं. आम्हां आयटीवाल्यांना हा बग लगेच कळेल. चूक एका कडेची, पण लाखो एकरांनी गुणली की कागदावर असं धान्य दिसतं जे गोदामात नसतंच!

1950च्या दशकाच्या सुरुवातीला ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला गेले. 1970 पर्यंत तिथल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत असं तेव्हा सर्रास बोललं जाई. 1961 च्या निबंधात सुखात्म्यांनी हिशेब मांडला : पोटालाच कमी पडणारे दहा ते पंधरा टक्के, आणि निकृष्ट आहारवालेही धरले तर जास्तीत जास्त निम्मे. भुकेची मोजणी तेव्हापासून बदलली. अन्न व कृषी संघटनेच्या आजच्या आकड्यांचं मूळही त्याच पद्धतीत आहे.

त्याच सुमारास मुलांच्या कुपोषणाचं खापर प्रथिनांच्या तुटवड्यावर फोडलं जात होतं. त्यावर उपाय म्हणून खास प्रथिनयुक्त पदार्थ बनवण्याच्या योजना निघत होत्या. सुखात्म्यांनी आहार-पाहण्यांचे आकडे तपासले. प्रथिनं कमी पडणारी माणसं बहुतेक करून तीच, ज्यांना एकूण अन्नच कमी पडत होतं. पोट भरलं नाही की शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळून टाकतं. धान्य आणि डाळीचं साधं जेवण पुरेसं मिळालं तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. म्हणजे आईचा वरणभातच की!

1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले, पण वाद काही संपले नाहीत. एकाच निरोगी माणसाची गरज रोज कमी-जास्त होते आणि काही मर्यादेपर्यंत शरीर जुळवून घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरासरी गरजेलाच रेघ मारली, तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतात. म्हणून रेघ खाली हवी. यावर पुण्यातच प्रा. वि. म. दांडेकरांनी त्यांना आव्हान दिलं. पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन यांचाही विरोध होता. शरीर जुळवून घेतं खरं, पण फुकट नाही. मूल खुरटतं, मोठ्यांची कामाची ताकद घटते. रेघ खाली आणली की कुपोषित मुलं कागदावरून नाहीशी होतात, घरातून नाही.

मला दोन्ही बाजूंचं पटतं. शंभरात विसाव्या आलेल्या, खाऊनपिऊन सुखी मुलाच्या बापाने सुखात्म्यांचं ऐकावं. पण ज्या घरात ताटच रिकामं आहे, तिथे त्या विरोधकांचा इशारा विसरून चालणार नाही. रेघ कुठे मारायची, हा नुसता गणिताचा प्रश्न नाही. त्या रेघेखाली कुणाचं तरी मूल असतं.

28 जानेवारी 1997 रोजी पुण्यात सुखात्म्यांचं निधन झालं. पुढे भारत सरकारने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

आमचा डबा अजून फडताळात आहे, अर्धा भरलेला. चिरंजीव वरणभातावर खूश आहेत!

चूकभूल द्यावी घ्यावी.