शांतिदूत संत फ्रान्सिस डी सेल्स

अंतःकरणाची शांति ही केवळ सुस्वभावाचें फळ नव्हे, आणि मनुष्यानें स्वकष्टानें मिळविलेली मिळकतही नव्हे; ती पवित्र आत्म्याची देणगी आहे. ख्रिस्तसभेचें हें शिक्षण ज्यांच्या आयुष्यांत स्पष्टपणें दिसून येतें, अशा संतांत जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचें स्थान फार वरचें आहे.

सव्हॉय देशांतील एका सरदार घराण्यांत २१ ऑगस्ट १५६७ रोजीं त्यांचा जन्म झाला. मुलानें कायदेपंडित होऊन दरबारीं मान मिळवावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनीं त्यांस पॅरिस येथें येशूसंघीयांच्या विद्यालयांत पाठविलें. तेथें १५८६ सालच्या हिवाळ्यांत ह्या एकोणीस वर्षांच्या सच्छील तरुणावर भयंकर संकट ओढवलें. कोणाचें तारण व्हावें व कोणाचा नाश व्हावा, हें परमेश्वरानें अगोदरच ठरवून ठेविलें आहे काय, हा वाद त्या काळीं मोठ्या हिरीरीनें चालला होता. आपण नाश पावणाऱ्यांपैकींच आहों, ह्या भीतीनें फ्रान्सिसचें मन ग्रासून गेलें. अन्न गोड लागेना, झोंप येईना, शरीर खंगत चाललें. सुमारें सहा आठवडे ही स्थिति राहिली.

अखेरीस त्यांनीं एक निश्चय केला. परलोकीं आपलें कांहींही होवो, निदान ह्या जन्मीं तरी परमेश्वरावर पूर्ण प्रेम करावयाचें. मग एका देवळांत पवित्र मरियेच्या मूर्तीपुढें गुडघे टेकून त्यांनीं प्रार्थना केली, आणि मनावरचें ओझें एकाएकीं उतरलें. त्यांच्या शंकेचें उत्तर कोणत्याही वादानें मिळालें नव्हतें. आपल्या तारणाची हमी मागणें त्यांनीं सोडून दिलें, आणि रित्या झालेल्या त्या हातांतच देवानें शांति ठेविली.

पुढें पादुआ येथें ते कायद्याचे डॉक्टर झाले. परंतु वडिलांनीं योजिलेला विवाह व दरबारचा मान बाजूस सारून १५९३ सालीं त्यांनीं धर्मगुरूची दीक्षा घेतली. दुसऱ्याच वर्षीं, कॅथलिक धर्मापासून दुरावलेल्या शाब्ले प्रांतांत ते गेले. थंडी कडाक्याची, लोक विरोधी, प्रवचनास श्रोते मूठभर. फ्रान्सिस मूळचे तापट. तरीही त्यांनीं कटु शब्द उच्चारला नाहीं. लोक ऐकावयास येत नाहींत असें पाहून ते आपलें शिक्षण कागदावर लिहून घरोघर दारांखालून सरकवूं लागले. चार वर्षांत त्या प्रांतांतील बहुतेक लोक ख्रिस्तसभेंत परत आले. १६०२ सालीं ते जिनिव्हाचे बिशप झाले. पण तें शहर कॅल्विनपंथीयांच्या हातीं असल्यामुळें त्यांस आन्सी येथें राहून कारभार पाहावा लागला.

मिळालेली शांति त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं. १६०४ सालीं दिजाँ शहरीं जेन फ्रान्सिस डी शांताल नांवाची विधवा बाई त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठीं आली. १६०१ सालीं शिकारींत एकाची गोळी चुकून लागून तिचा पति मरण पावला होता, आणि त्या मनुष्यास क्षमा करणें तिला अत्यंत जड जात होतें. फ्रान्सिसनीं तिच्यावर घाई केली नाहीं. त्या मनुष्याची भेट मुद्दाम शोधूं नये, परंतु ती घडलीच तर मन कोमल ठेवावें, एवढेंच त्यांनीं सांगितलें. पुढें त्याच मनुष्याच्या मुलाची ती धर्ममाता झाली. १६१० सालीं ह्या दोघांनीं आन्सी येथें व्हिजिटेशन नांवाचा भगिनींचा संघ स्थापिला. जेनबाईस श्रद्धेविषयींच्या शंका पुढेंही अनेक वर्षें छळीत राहिल्या, तरी तिनें आपलें काम सोडलें नाहीं. तीही संतपदास पोहोंचली. मनावर वादळ उठत असतांही इच्छा देवाच्या ठायीं स्थिर राहूं शकते, ही गोष्ट तिच्या चरित्रावरून कळते.

संसारी स्त्रीपुरुषांसाठीं लिहिलेला फ्रान्सिसचा भक्तिजीवनावरील ग्रंथ १६०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मनाच्या तळमळीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. २८ डिसेंबर १६२२ रोजीं लियाँ येथें, भगिनींच्या मठांतील माळ्याच्या झोंपडींत, त्यांनीं देह ठेविला. १६६५ सालीं ते संत ठरले, १८७७ सालीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी मिळाली, व १९२३ सालीं ते कॅथलिक लेखकांचे आश्रयदाते ठरले. त्यांच्या नांवाचा मिशनरी संघ १८३८ सालीं आन्सी येथें स्थापन झाला. त्याच संघाच्या धर्मगुरूंनीं नागपूरकडे सुवार्ता नेली, आणि तेथील कॅथेड्रल ह्याच संताच्या नांवें उभें आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आनंदाच्या प्रसंगींही आपल्यापैकीं कोणाचें मन आंतून जळत असेल. पूर्वींच्या पापाचें भय असेल, कोणास क्षमा करणें जड जात असेल, कीं प्रार्थना रुक्ष वाटत असेल. अशा जीवानें आपण देवाला नकोसे झालों असें मानूं नये. एका महान संतासही ह्याच अंधारांतून जावें लागलें. आपलें भवितव्य देवाच्या हातीं सोंपवावें, आजचें कर्तव्य प्रेमानें करावें, आणि शांति मागत राहावें. देणाऱ्याची वेळ देणाऱ्यास ठाऊक असते.