मलिक अंबरची सुटका आणि गुलामांची मुक्ती

मराठवाड्यात मलिक अंबरचे नाव निघाले की बोलणे बहुधा तीन गोष्टींवर येते. खडकीला पाणी पुरविणारी नहर ही पहिली, रयतेला सोसणारी त्याची धारा ही दुसरी आणि मोगलांना जेरीस आणणारा गनिमी कावा ही तिसरी. चौथी गोष्ट अभ्यासू माणसे आवर्जून जोडतात : हा पुरुष जन्माने परका, वर्णाने काळा आणि आयुष्याच्या प्रारंभी विकत घेतलेला गुलाम होता. मग लगेच एक निष्कर्ष निघतो, की आपल्याकडची गुलामगिरी अमेरिकेतल्यासारखी निर्घृण नव्हती. इथे गुलाम वजीर होऊ शकत असे. निष्कर्ष सुखद आहे. परंतु ज्या चरित्राच्या आधारे तो काढला जातो, ते चरित्र नीट वाचले तर तो टिकत नाही.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्वेकडील इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्रापलीकडच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली. पुढे बगदादेत मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविला, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. सुगंधी द्रव्याचे नाव गुलामाला देणे ही त्या काळची रीतच होती. विकत घेतलेल्या वस्तूला घरात शोभेल असे नाव असले म्हणजे झाले. त्यानंतर १५७०च्या दशकाच्या प्रारंभी हा तरुण दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला खरेदी केले.

चंगीजखानही हबशी होता आणि तोही कधीकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार विकत घेतलेले हबशी होते. एवढी माणसे समुद्रापलीकडून आणण्याचे कारण दख्खनच्या राजकारणात सापडते. दरबारात दक्षिणी मुसलमान आणि इराणातून आलेले परदेशी सरदार यांचे हाडवैर होते. प्रत्येकाला भाऊबंद होते, जहागिरी होत्या, सोयरीक होती. ज्याला गोत नाही, गाव नाही, परतायला घर नाही, असा सैनिक धन्याखेरीज कोणाचा होणार? हबशाची निष्ठा वाखाणणाऱ्यांनी ती कशातून निर्माण झाली होती, हेही पाहावे. प्रथम त्याचे सगळे आप्त हिरावून घ्यायचे आणि मग उरलेल्या एकमेव नात्याला इमान म्हणायचे, असा तो प्रकार होता.

या व्यापाराचे आणखी एक अंग कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाला जवळचे आहे. हिंदुस्थानातून तांबड्या समुद्राकडे सुती कापड जाई. तिकडून सोने, हस्तिदंत आणि माणसे येत. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकला. इकडे कापडाच्या मोबदल्यात गुलाम आले. दोन्हीकडे धागा एकच होता.

अंबर सुटला तो कोणाच्या न्यायबुद्धीने नव्हे. १५७४-७५च्या सुमारास चंगीजखान सुलतानाच्या संशयाला बळी पडला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. धनी आणखी वीस वर्षे जगता, तर अंबरचे आयुष्य पदरच्या हबशाचेच राहिले असते. मोकळीक मिळाली तरी पुढची वीस वर्षे चाकरीच्या शोधात गेली. विजापूरच्या आदिलशाहीत त्याने नोकरी केली, तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५मध्ये तो पुन्हा निजामशाहीत, अभंगखान हबशाच्या सैन्यात आला, तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते आणि वय पन्नाशीकडे झुकले होते.

१६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजांनी घेतला. राजधानी पडली म्हणजे राज्य संपले, असा सर्वांचा समज झाला. अंबरचा झाला नाही. त्याने राजघराण्यातील एक तरुण शोधून काढला, परांड्याला त्याला दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. परांडा बीडच्या दक्षिणेला फारसा दूर नाही, आणि अंबरच्या सत्तेचा पहिला विस्तार याच टापूत झाला. फेरिश्त्याने त्याच्या ताब्यातील मुलखाची सीमा सांगताना ती तेलंगणाच्या हद्दीपासून बीडच्या अलीकडे एका कोसापर्यंत येते, असे नमूद केले आहे. वेशीपासून कोसभरावर सत्ता बदलत असेल, तर बीड परगण्यातील कुणब्याने सारा कोणाला द्यावा आणि कोणाच्या घोड्यांना वैरण घालावी, याचा विचार वाचकांनी करावा.

म्हणूनच अंबरच्या महसूलव्यवस्थेचे मोल मोठे आहे. १६०७च्या सुमारास राजू दक्खनी या प्रतिस्पर्ध्याला दूर करून तो निजामशाहीचा निर्विवाद कारभारी झाला. १६१०मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसविले; तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. भूमिगत नळांनी तेथे पाणी खेळविले. सारा वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली. मक्तेदार बोली लावून गाव घेतो आणि गुंतविलेला पैसा रयतेच्या पाठीवरून वसूल करतो, हे त्याने ओळखले होते. जमिनीची प्रत पाहून, पिकाचा अंदाज घेऊन धारा ठरू लागली; पाटील-कुळकर्ण्यांचे वतनी अधिकार स्थिर झाले. प्रथम पिकाचा सुमारे दोन पंचमांश वाटा आणि पुढे त्याऐवजी रोख रक्कम घेण्यात येई व ती उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांश भरे. महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात मलिकंबरी हा शब्द पुढे दोन शतके टिकला.

तथापि हा सर्व अधिकार हाती असताना गुलाम हा शब्द त्याच्या दारातून गेला नव्हता. पीटर व्हान डेन ब्रोके नावाचा डच व्यापारी दख्खनमधून फिरला होता. अंबरच्या पूर्वायुष्याची बरीचशी माहिती त्याच्यामुळेच मिळते. त्याने लिहून ठेवलेली एक हकिगत अशी : दुसऱ्या मुर्तजाला थोरली इराणी बेगम होती. एकदा दोन सवतींचे भांडण झाले आणि बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले, तिच्या बापालाही बोल लावला. मुलीने निरोप धाडला. अंबरने विश्वासू माणसाकरवी बेगम आणि सुलतान या दोघांनाही विष देवविले आणि सुलतानाच्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले.

हे कृत्य क्रूर होते, यात शंका नाही; आपल्याच मुलीला त्याने विधवा केले. पण या क्रौर्यामागची जखम समजून घेतल्याशिवाय अंबर समजत नाही. हजारो स्वारांचा धनी, राज्याचा कर्ता आणि राजाचा सासरा असलेल्या या साठीच्या माणसाला मोखाच्या बाजारातून काढता येत नव्हते. तो ज्या दरबाराला जगवीत होता, त्याच दरबाराच्या जनानखान्यात त्याची किंमत अजून खरेदीच्या वेळचीच होती. आपल्याकडे गुलामाला कलंक लागत नसे, असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे काय करायचे, ते ठरवावे.

दिल्लीच्या बादशहाचीही भाषा हीच होती. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अंबरच्या काळ्या वर्णावरून त्याला जागोजाग शिव्या घातल्या आहेत. अबुल हसन या चित्रकाराने काढलेल्या एका चित्रात जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडताना दिसतो. हे सूड उगविणे चित्रातच झाले. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. मोगलांनी खडकी जाळली, अंबरने ती पुन्हा उभारली. १६२४मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि दोन्ही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एका इंग्रज प्रवाशाने १६१०च्या सुमारास अंबरच्या सैन्यात चाळीस हजार दक्षिणी आणि दहा हजार हबशी असल्याचे नोंदविले आहे. हे हबशी ज्या वाटेने अंबर आला, त्याच वाटेने आले होते. ती वाट बंद करण्याचा विचार त्याने केला, अशी एकही नोंद नाही. ज्याने सारा वसुलीचा मक्ता मोडला, त्याने माणसांचा बाजार मोडला नाही. याचा दोष त्याला देणे अनैतिहासिक ठरेल, कारण सतराव्या शतकाच्या प्रारंभी असा विचार राजसत्तेच्या पातळीवर इंग्लंड-हॉलंडातही नव्हता; उलट ही राष्ट्रे तेव्हा या व्यापारात उतरण्याच्या तयारीत होती. परंतु गुलाम सुटणे आणि गुलामगिरी सुटणे या दोन भिन्न घटना आहेत, हे अंबरच्या चरित्राइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

दुसरी घटना घडायला अमेरिकेत काय लागले, ते पाहावे. मेरीलँडमध्ये १८१८च्या सुमारास जन्मलेला फ्रेडरिक डग्लस हा गुलाम १८३८मध्ये पळाला. अंबरप्रमाणेच तोही लिहायला शिकला होता. फरक इतकाच की तेथे गुलामाला शिकविणे हा अनेक संस्थानांत गुन्हा होता आणि डग्लसने अक्षरे बव्हंशी चोरून मिळविली होती. १८४५मध्ये त्याने आत्मचरित्र छापले आणि पुढल्याच वर्षी इंग्लंडमधील स्नेह्यांनी पैसे भरून त्याची कायदेशीर सुटका करविली. येथपर्यंत कथा समांतर आहे. पण डग्लस मोकळा झाल्यावर कोणाच्या दरबारी गेला नाही. १८४७मध्ये त्याने वर्तमानपत्र काढले आणि मागे राहिलेल्यांसाठी गावोगाव बोलत राहिला. त्याच्याआधी १८३१पासून गॅरिसनचे पत्र चालू होते. सभा होत्या, अर्ज होते, पळून येणाऱ्यांना लपविणारी घरे होती. १८६१ ते १८६५ हे यादवी युद्ध झाले, १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि डिसेंबर १८६५मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी देशभर बंद झाली. युद्धापूर्वीच्या शिरगणतीत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास होती. त्यांतला एखादा सेनापती व्हावा अशी ती चळवळ नव्हती. एकाही माणसाची खरेदी होऊ नये, अशी होती.

हा विचार मराठीत आला तो १८७३मध्ये. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. मलिक अंबरच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ अडीचशे वर्षे झाली होती.

बीड जिल्ह्यात या भेदाचा अर्थ पुस्तकात शोधावा लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे येथून लाखो माणसे उसाच्या फडावर जातात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल फिटेपर्यंत तो कोयता मुकादमाचा असतो. ही गुलामगिरी नव्हे, असे कायदा म्हणेल. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ सालीच झाला आहे. क्वचित एखादा तोडणीवाला हुशारीने, कष्टाने स्वतःच मुकादम होतो. गाव त्याचे कौतुक करते आणि त्याच्या कर्तृत्वाचा मान ठेवलाच पाहिजे. पण पुढल्या हंगामात तोही उचल वाटतो. त्याच्या यशावरून उचलीची पद्धत चांगली असल्याचे कोणी सिद्ध करू लागला, तर फडावर कोयता चालविणारी बाई त्याच्याकडे पाहतच राहील.

मलिक अंबर १६२६मध्ये वारला, तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या घरात होते. मोगल दरबाराच्या इतिहासकारानेही, शत्रू असूनही, त्याच्या सेनापतित्वाची आणि कारभाराची प्रशंसा केली. त्याचा मुलगा फत्तेखान याने सुमारे सात वर्षांनी दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले आणि १६३६मध्ये निजामशाही संपली. खुलताबादला अंबरची कबर आहे. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही आहे. डग्लसने आपले आयुष्य तीन वेळा लिहिले आणि आपल्याला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही, हे त्यात नोंदविले. अंबरला फारसी येत होती, अरबी येत होती, त्याच्या पदरी लेखक होते. पण चापू या मुलाविषयी त्याच्या हातची एक ओळ मागे राहिलेली नाही. ते नाव एका परदेशी व्यापाऱ्याच्या कागदांत उरले.